उंबरठा कोणी ठरवला?

अंगणवाडीत टीएचआरचं पाकीट घ्यायला गेलेल्या गरोदर बाईला आता आधी मोबाईलसमोर उभं राहावं लागतं. पदर मागे घ्यायचा, उजेडाकडे तोंड करायचं, सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. चेहरा जुळला तर पाकीट. १ जुलै २०२५ पासून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ही चेहरा-पडताळणी देशभर सक्तीची केली. गरोदर बाया, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, यांचा हा आहार आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो त्यांचा हक्क म्हणून दिला. त्या कायद्यात चेहरा जुळण्याची अट कुठे आहे, कुणी दाखवावी.

सध्या शहरांतून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नीतिमत्ता’ या विषयावर परिसंवादांचं पीक आलं आहे. यंत्रं माणसाला गुलाम करतील का, यावर तिथे तासन् तास चर्चा होते. मला त्या चर्चेत रस नाही. नीतीचा प्रश्न आजच, भर दुपारी, अंगणवाडीच्या दारात उभा आहे.

हे यंत्र चालतं कसं, ते आपण बायांनी समजून घेतलं पाहिजे. ‘तांत्रिक आहे, तुम्हाला कळणार नाही’ हे वाक्य आपण फार ऐकलं आहे. लाखो फोटो दाखवून यंत्राला चेहऱ्यांतले फरक शिकवलेले असतात. ते समोरच्या चेहऱ्याचे आकडे बनवतं, नोंदवलेल्या फोटोच्या आकड्यांशी ताडून पाहतं आणि दोन्ही किती सारखे आहेत याचा एक गुण देतं. ‘हीच ती बाई’ असं यंत्र कधीच सांगत नाही. अमुक गुणांच्या वर असेल तर हो, खाली असेल तर नाही, ही रेघ माणूस ओढतो. तिला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थच उंबरठा.

उंबरठा उंच केला तर दुसऱ्याच्या नावावर कुणी पाकीट नेणार नाही, पण खऱ्या बायाही अडतील. खाली केला तर खऱ्या बाया सुटतील, एखादं पाकीट भलत्या घरी जाईल. दोन्ही चुका एकदम टाळता येत नाहीत, हे प्रत्येक संगणक अभियंत्याला ठाऊक असतं. म्हणजे कोणती चूक परवडते हे कुणीतरी ठरवतं. भलत्या घरी गेलेलं पाकीट बहुधा शेजारच्या पोराच्या पोटात जाईल. नाकारलेलं पाकीट सातव्या महिन्यातल्या बाईच्या पोटातून जाईल. हा हिशेब करायला संगणकशास्त्र लागत नाही. तो केला कुणी, कोणत्या खोलीत, आणि तिथे एक तरी अंगणवाडी सेविका होती का?

यंत्र सगळ्यांना सारखंच वागवतं, असं सांगतात. २०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी हे तपासून पाहिलं. आफ्रिका आणि युरोपातल्या सहा देशांच्या खासदारांचे १,२७० फोटो त्यांनी तीन कंपन्यांच्या यंत्रांना दाखवले आणि ही बाई की पुरुष, एवढंच ओळखायला लावलं. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्यासावळ्या बायांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! शिकवताना दाखवलेले चेहरे बहुतांशी गोऱ्यांचे आणि पुरुषांचे, मग दुसरं काय होणार? पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेने १८९ चेहरा-ओळख पद्धती तपासल्या. वंश, वय आणि लिंगानुसार चुकांचं प्रमाण बदलतं, असं तिथेही बऱ्याच पद्धतींत आढळलं.

‘आम्ही सुधारू’, अभियंते म्हणतात. खरंच सुधारतात, त्या अभ्यासानंतर कंपन्यांचे आकडे खाली आले. पण समजा, यंत्र शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर आलं. दहा लाख बायांमागे वीस हजार उरतात. कचेरीतल्या कागदावर ते ‘अठ्ठ्याण्णव टक्के यश’ असतं. आणि त्या वीस हजार कोण असतील? मी काम करते त्या तालुक्यातल्या बायांचे आधारवरचे फोटो लग्नाआधीचे आहेत. दोन बाळंतपणं आणि रक्तपांढरी यांनी चेहरा काय होतो, ते आपल्याला सांगायला नको. नोंदणीला ओटीपी लागतो, तो नवऱ्याच्या मोबाईलवर येतो, आणि नवरा ऊसतोडीला गेलेला. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. इथे दीड वर्षाच्या पोराचा घास आईच्या चेहऱ्याला बांधून टाकला.

सेविकेचं तर विचारूच नका. नाव तिनेच नोंदवलेलं, वजन तिनेच घेतलेलं, लसीला हाताला धरून तिनेच नेलेलं. समोर उभी आहे ती कोण, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी तिचा शब्द चालत नाही, मोबाईलचा चालतो. रेंज नाही, फोटो जुळत नाही, आणि बाईच्या शिव्या मात्र सेविकेला. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. निकृष्ट फोन आणि इंग्रजीतलं पोषण ट्रॅकर, ही त्यांची तक्रार होती. तेव्हा ‘बायांना तंत्रज्ञान नको असतं’ अशी टिंगल झाली.

चोरी थांबवायची म्हणून हे सगळं. थांबवा ना! २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आहाराची महाराष्ट्रातली सुमारे ६,३०० कोटी रुपयांची कंत्राटं रद्द केली. निविदेच्या अटी बड्या पुरवठादारांच्या सोयीच्या आणि महिला बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या, म्हणून. त्या पुरवठादारांना कुणी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला लावली नाही. संशय नेहमी खालच्या टोकाला, पदरात पाकीट घेणाऱ्या हातावर.

‘यंत्र निर्दोष असतं, वापरणारा वाईट’ हा युक्तिवाद आपल्या चळवळीला नवा नाही. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध १९८० च्या दशकात मुंबईत मोहीम सुरू झाली तेव्हा डॉक्टर हेच म्हणत होते. आपण ऐकलं नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. यंत्राची नोंदणी आली, प्रत्येक तपासणीची नोंद आली, आणि जबाबदारी यंत्र चालवणाऱ्यावर आली. कायदा पुरेसा पाळला गेला नाही, हे खरं. पण ‘यंत्राने सांगितलं’ म्हणून डॉक्टरला हात झटकता येत नाहीत.

मग संगणकवाल्यांना का झटकता यावेत? हिंजवडीत, बंगळुरूत बसून या प्रणाली लिहिणाऱ्यांत आपल्याच मुली, सुना, भाचे आहेत. ‘आम्हाला सांगितलं ते आम्ही केलं’ असं त्या म्हणतात. त्यांना एवढं तरी विचारा: रेघ कुठे ओढली, कोणत्या बायांच्या चेहऱ्यांवर तपासली, आणि चुकली तर बाईने जायचं कुठे? उत्तर नसेल तर काम अपुरं आहे, ते गावात पाठवायचं नाही, असं म्हणायची हिंमत त्यांनी दाखवावी. एकटीने म्हटलं तर नोकरी जाईल, हे मान्य. म्हणून संघटना असतात. सेविकांनी त्या तुटपुंज्या मानधनावर बांधल्या, तुमचे पगार त्याहून बरे आहेत.

आणि आपण? चेहरा जुळला नाही तरी पाकीट त्याच दिवशी, सेविकेच्या सहीवर मिळालं पाहिजे. पडताळणीचं भांडण सरकारने मागाहून स्वतःशी करावं. नाकारलंच तर कारण लिहिलेला मराठी कागद बाईच्या हातात पडला पाहिजे. दर महिन्याला प्रत्येक अंगणवाडीत किती चेहरे जुळले नाहीत, तो आकडा दारावर लागला पाहिजे. तोवर आपल्या गावातला हा आकडा आपणच गोळा करू. वहीत नाव, तारीख, कितव्या वेळी जुळलं, किती दिवस पाकीट मिळालं नाही, एवढं लिहायचं. ती वही घेऊन आधी ग्रामसभेत, मग बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर.