रोजा तिचा, उत्तरही तिचेच

रमजानमध्ये पहाटे चार-साडेचारला ताडकळसमधल्या मुस्लिम घरांत दिवे लागतात. सहेरीची घाई असते. तव्यावर पोळी, कपात चहा आणि फजरच्या अजानकडे लागलेले कान. याच घरांतली कॉलेजला जाणारी मुलगी सहेरीनंतर नमाज पढते, थोडा अभ्यास करते आणि सकाळी एसटीची वाट पाहत उभी राहते. बारावीनंतर पुढे शिकायचे म्हणजे परभणी, पूर्णा किंवा नांदेड गाठावे लागते. रोजा ठेवून हा प्रवास करायचा, तास करायचे आणि परत यायचे. घरी ती दखनी बोलते, मैत्रिणींशी मराठी आणि परीक्षेचा पेपर निवडलेल्या माध्यमातून लिहिते.

एसटीत आणि वर्गात तिला प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पाणीसुद्धा प्यायचं नाही?’ यामागे कुतूहल असते, बऱ्याचदा मायाही असते. पण त्यानंतर येणारे प्रश्न सोपे नसतात. ‘हा स्कार्फ घरच्यांनी बांधायला लावला का?’ ‘तुमच्यात मुलींना शिकवतात?’ ‘तुला मशिदीत जाऊ देतात का?’ विचारणारा बहुतेक वेळा वाईट हेतूने विचारत नाही. मात्र उत्तर त्याच्या मनात आधीच तयार असते. वीस वर्षांच्या मुलीला रोज आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी लागते, ती अशी.

रोजा म्हणजे शिक्षा नव्हे

सुरुवात रोजापासूनच करू. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, हे खरे. पण आजारी माणूस, प्रवासी, गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई यांना धर्मानेच सवलत दिलेली आहे. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्री रोजा ठेवत नाही. राहिलेले रोजे ती पुढे वर्षभरात पूर्ण करते. म्हणजे स्त्रीच्या शरीराचा विचार नियमातच आहे. रोजाचा अर्थही पोटापुरता नाही. खोटे, चहाडी, शिवीगाळ, राग यांपासून दूर राहिले नाही, तर उपाशी राहण्याला मोल नाही, अशी शिकवण आहे. एकादशी किंवा नवरात्र करणाऱ्या शेजारणीला हे समजावून सांगावे लागत नाही. मन ताब्यात ठेवण्याची ही रीत तिच्या घरातही आहे.

गेली काही वर्षे रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच सुमारास येत आहेत. अनेक मुली रोजा ठेवून पेपर देतात. काही जणी परीक्षेच्या दिवशी ठेवत नाहीत. हा निर्णय ज्या त्या मुलीचा असतो, आणि तो तिने अल्लाहला उत्तर द्यायचे या भावनेने घेतलेला असतो.

डोक्यावरचा रुमाल आणि न्यायालयाची पायरी

मुस्लिम मुलीविषयीची सार्वजनिक चर्चा मात्र गेली चार-पाच वर्षे तिच्या डोक्यावरच्या रुमालाभोवतीच फिरते आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी शाळा-महाविद्यालयांतील हिजाबबंदी कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींचे मत दोन दिशांना गेले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली. न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाला मध्यभागी ठेवले आणि बंदीमुळे तिचे आयुष्य खरोखर सुधारते का, असा सवाल केला.

पुढे हाच वाद महाराष्ट्रात आला. चेंबूरच्या ना. ग. आचार्य व दा. कृ. मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले यांना मनाई करणारा पोशाखाचा नियम केला. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 26 जून 2024 रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांपुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली. मग टिळा लावणाऱ्यालाही अडवणार का, असे न्यायालयाने सुनावणीत विचारले. त्याच वेळी वर्गात बुरखा घालता येणार नाही आणि या आदेशाचा गैरवापर होऊ नये, हेही स्पष्ट केले.

जानेवारी 2025 मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी शिक्षणमंत्री दादा भुसे यांच्याकडे पत्राने केली. कॉपी रोखण्याचे कारण त्यात होते. कॉपी रोखलीच पाहिजे, यात दुमत नाही. त्यासाठी महिला कर्मचाऱ्याने आडोशाला तपासणी करणे हा साधा मार्ग आहे, आणि त्यात परीक्षार्थीचा धर्म मध्ये आणण्याची गरज पडत नाही.

या सगळ्या वादात एक गोष्ट नजरेआड होते. चेंबूरच्या त्या नऊ जणी न्यायालयात गेल्या, त्या वर्गात बसता यावे म्हणून. त्यांना घरी कोंडले गेले असते, तर त्या विज्ञानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पोचल्याच नसत्या. हिजाब बांधणारी प्रत्येक मुलगी दबावाखाली असते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. आणि एकही मुलगी दबावाखाली नसते, असे म्हणणेही तितकेच चुकीचे. कोणी श्रद्धेने बांधते, कोणी आई-आजीला पाहून. कोणी बसस्टँडवरच्या नजरा टाळण्यासाठी, तर कोणी कारण एवढेच की मोठ्या भावाशी वाद नको. एकाच घरात एक बहीण बांधते, दुसरी बांधत नाही. दोघी रोजा ठेवतात, दोघी नमाज पढतात. कोणाची श्रद्धा किती, हे मोजण्याची फूटपट्टी कापडाची असू शकत नाही. ती कॉलेजच्या फाटकावरच्या माणसाच्या हातात नको, तशीच मोहल्ल्यातल्या नाक्यावर उभ्या असलेल्या तरुणांच्या हातातही नको.

ऐकीव गोष्टी आणि आकडे

‘त्यांच्यात चार-चार बायका असतात, मुले खूप असतात’ हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज ऐकू येते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण मुस्लिमांत 1.9 टक्के आणि हिंदूंत 1.3 टक्के निघाले. दोन्हीकडे ही प्रथा मूठभरांपुरती उरली आहे. मुस्लिम स्त्रीमागे होणाऱ्या अपत्यांची सरासरी 1992-93 मध्ये 4.41 होती, ती या पाहणीत 2.36 वर आली. हिंदू स्त्रियांची सरासरी 1.94 होती. मुलींचे शिक्षण वाढते तशी ही सरासरी खाली येते, हेच चित्र सगळ्या समाजांत दिसते. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रियांत ती 1.8 च्या आसपास आहे, तर शाळेतच न गेलेल्यांत 2.8. खरा फरक शाळेचा आहे.

‘ही मुले मदरशातच शिकतात’ हाही असाच एक समज. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी शंभरात तीन-चारच मदरशात जात होती. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि खासगी शाळांतच होती, जशी इतरांची असतात.

मशिदीचा प्रश्नही नीट समजून घेतला पाहिजे. पुण्याच्या एका दांपत्याने स्त्रियांना मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर जानेवारी 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले: स्त्रिया नमाजसाठी मशिदीत जाऊ शकतात, जुम्म्याची सामुदायिक नमाज मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे धर्माने दार बंद केलेले नाही. अनेक गावांत ते बंद आहे, ते रूढीमुळे आणि जागेच्या सबबीमुळे. ही सबब दूर करणे समाजाच्याच हातात आहे.

आणि ‘त्यांच्या बायका कधी बोलतच नाहीत’ या समजाला तर महाराष्ट्राचा इतिहासच उत्तर देतो. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. फक्त सात जणी होत्या. पण 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा त्या सात जणींची आठवण अनेकांना झाली. 2016 मध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यापर्यंत स्त्रियांना जाता यावे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला. ती लढाईही मुस्लिम स्त्रियांनीच लढवली होती. आपला धर्म न सोडता, धर्माच्या नावावर चाललेल्या अन्यायाला नाही म्हणणाऱ्या या बायका होत्या.

परभणी जिल्ह्यातला खरा अडसर

ताडकळसच्या मुलीच्या शिक्षणाआड नेमके काय येते, याचे उत्तर रुमालात शोधून सापडत नाही. त्याच पाचव्या पाहणीत परभणी जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील 48 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास असताना हा आकडा आहे. यात एकाच समाजाच्या मुली नाहीत. कोरडवाहू शेती, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, मुलीला एकटी घरी ठेवण्याची धास्ती, हुंडा आणि लग्नखर्च वाढत जाण्याची भीती, गावात बारावीपुढची सोय नसणे, ही कारणे मराठा, दलित, धनगर, बंजारा, मुस्लिम अशा सगळ्या घरांत सारखीच आहेत. वर्गातल्या ज्या मैत्रिणी तिला ‘तुमच्यात मुलींना शिकवतात का?’ असे विचारतात, त्यांच्यातल्याही काही जणी पुढच्या वर्षी वर्गात दिसत नाहीत. सासरी गेलेल्या असतात.

मुस्लिम समाजाने इथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मुलगी वयात आली की ‘शरियतमध्ये चालते’ असे म्हणून लग्न उरकणारी घरे आहेत. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय अठरा ठरवले आहे. धर्माच्या नजरेनेही पाहिले, तर निकाह हा करार आहे. त्यात मुलीची कबुली लागते, मेहर तिच्या नावाने ठरतो आणि तो तिच्या हक्काचा असतो. जिला कबुली म्हणजे काय हेच कळत नाही, तिच्याकडून ‘कबूल’ म्हणवून घेण्यात कोणते पुण्य? वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा कुराणाने ठरवून दिला आहे. किती घरांत तो प्रत्यक्ष दिला जातो, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. रमजानचा महिना आत्मपरीक्षणाचा आहे, तो यासाठीच.

सरकारच्या बाजूनेही काही गोष्टी झाल्या, काही उलट्या फिरल्या. 2023 पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याचा फायदा गावोगावच्या मुलींना झाला. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा ओबीसीत मोडणाऱ्या मुस्लिम घरांनी दाखले वेळेत काढले, तर त्यांच्या मुलींनाही ही सवलत मिळते. पण 2022 मध्ये संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली आणि अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती मर्यादित केली गेली. 2014 मध्ये राज्याने दिलेल्या मुस्लिम आरक्षणापैकी शिक्षणातील 5 टक्क्यांना उच्च न्यायालयाने हात लावला नव्हता. तरीही अध्यादेशाची मुदत संपली आणि ते गेले. हिजाबावर जितके शब्द खर्च झाले, त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी या विषयांवर बोलले गेले असते, तरी काही मुलींचे शिक्षण सुटले नसते.

यवतमाळची अदिबा

एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला. यवतमाळच्या अदिबा अनम देशात 142 व्या आल्या. वडील ऑटोरिक्षा चालवणारे. महाराष्ट्रातून आयएएसपर्यंत पोचलेल्या पहिल्या मुस्लिम महिला म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. छायाचित्रांत त्यांच्या डोक्यावर हिजाब होता. त्या रुमालाने त्यांना अडवले नाही. आणि तो नसता तरी त्यांचे यश कमी झाले नसते. त्यांना पुढे नेले ते मुलीला शिकू देणाऱ्या आई-बापांनी आणि तिच्या स्वतःच्या मेहनतीने. ताडकळसच्या मुलीला हेच दोन हवे आहेत: शिकू देणारे घर आणि वर्गापर्यंत जाणारा मोकळा रस्ता.

कुराण अवतरले ते याच रमजान महिन्यात, आणि पैगंबरांना पहिला आदेश झाला तो वाचण्याचा. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदिजा स्वतः व्यापार करीत होत्या. हजरत आयेशा यांच्याकडून पुरुषही हदीस शिकत. ज्या धर्माची सुरुवात अशी, त्यात मुलीची वही बंद करण्याला आधार सापडत नाही.

या महिन्यात घरोघरी जकातीचा हिशेब होतो. वर्षभराच्या बचतीवर अडीच टक्के गरजूंसाठी काढायचे असतात. एखाद्या होतकरू गरीब मुलीची परीक्षा फी किंवा हॉस्टेलचा खर्च त्यातून निघाला, तर तो या पैशाचा चांगला उपयोग होईल. शेजारच्या हिंदू, बौद्ध घरांनाही या महिन्यात करण्यासारखे काही आहे. तिने इफ्तारला बोलावले तर जावे आणि तिला प्रश्नही विचारावेत. फक्त तिचे उत्तर तिच्याच तोंडून ऐकावे, आणि शेवटी एक प्रश्न जास्तीचा विचारावा: ‘पुढे काय शिकायचं ठरवलंयस?’ या प्रश्नाला तिच्याकडे बरेच मोठे उत्तर असते. ते ऐकायला सहसा कोणी थांबत नाही.