क्लिकचा हिशेब गटाच्या वहीत हवा

बचत गटांतल्या बायका आपला माल इंटरनेटवर विकू लागल्या आहेत, याचा आपल्याला आनंद आहे. प्रदर्शनातला स्टॉल चार दिवसांचा असतो. दुकानदाराकडे माल ठेवला तर पैसे कधी हातात पडतील याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा स्वतःची वेबसाइट आणि स्वतःचे गिऱ्हाईक केव्हाही बरे. पण वेबसाइट तयार झाली की ती लोकांना सापडणार कशी, हा प्रश्न येतो. मग कोणीतरी सुचवते, 'गूगलवर जाहिरात द्या.' गटाच्या खात्यातले पाच-दहा हजार रुपये त्यात जातात. मी ज्या गटांबरोबर काम करते, त्यांतल्या बहुतेक जणींना त्या पैशांचे पुढे काय झाले हे सांगता येत नाही.

म्हणून हा लेख. जाहिरात द्यावी की देऊ नये, हा नंतरचा प्रश्न आहे. जिचा हिशेब गटाला समजत नाही आणि जिचे खाते गटाच्या ताब्यात नाही, अशी जाहिरात मात्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हा हिशेब अवघड नाही. कर्जाचे हप्ते, व्याज, दंड यांची वही ज्या बायका वर्षानुवर्षे चोख ठेवतात, त्यांना हे नक्कीच जमेल.

आधी हा व्यवहार समजून घेऊ. प्रदर्शनात आपण जागेचे भाडे भरतो, मग गिऱ्हाईक येवो न येवो. शोधाच्या जाहिरातीत भाडे नसते. जाहिरात नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत, तिच्यावर कोणी बोट ठेवून आपल्या पानावर आले की लागतात. त्याने काही घेतले की नाही, याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. शोधल्या जाणाऱ्या शब्दांवर अशी बोली लावण्याची पद्धत अमेरिकेत १९९८ मध्ये गोटू नावाच्या कंपनीने आणली. गूगलने जाहिरातींचा धंदा २००० मध्ये सुरू केला आणि २००२ मध्ये क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली. आज कोणी एखादा शब्द टाकून शोधले की त्या क्षणी लिलाव होतो आणि कोणाची जाहिरात वर दिसायची ते ठरते.

शब्दांचा हा बाजार आपल्या चळवळीला अगदीच अनोळखी नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेतून १९८८ मध्ये महाराष्ट्राचा आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. केंद्राच्या कायद्याच्या २२व्या कलमाने अशा तपासण्यांच्या जाहिरातीलाही बंदी आहे. तरीही इंटरनेटवर त्या दिसत होत्या, म्हणून डॉ. साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ठरावीक शब्दांवर अशा जाहिराती आपोआप अडवण्याचे २०१६ मध्ये न्यायालयापुढे मान्य केले. कोणते शब्द विकले जातात आणि त्यांवर कोण पैसे कमावते, हे विचारण्याची सवय आपल्याला तेव्हापासून आहे. आता आपल्याच बायका या बाजारात पैसे घालू लागल्या आहेत, तेव्हा तो प्रश्न पुन्हा विचारायला हवा.

शेंगदाण्याची चटणी विकणाऱ्या एका गटाचे उदाहरण घेते. त्यांच्या जाहिरातीसाठी 'शेंगदाणा चटणी' हा शब्द ढिल्या पद्धतीने, म्हणजे ब्रॉड मॅचवर, लावलेला होता. या पद्धतीत त्या शब्दाच्या आसपासचे काहीही शोधले तरी जाहिरात दिसू शकते. खात्यात 'सर्च टर्म्स' नावाचा अहवाल असतो. लोकांनी प्रत्यक्षात काय टाकून शोधले ते त्यात बऱ्याच अंशी दिसते. तो उघडून पाहिला तर 'शेंगदाणा चटणी रेसिपी', 'चटणी कशी करायची', 'इडलीची चटणी' अशी रांग होती. ज्यांना घरीच चटणी करायची होती, त्यांना आपल्या पानावर आणण्याचे पैसे गट भरत होता.

यावर उपाय साधा आहे. 'रेसिपी', 'कशी करायची', 'इडली' हे शब्द नको असलेल्या शब्दांच्या यादीत, म्हणजे निगेटिव्ह कीवर्डमध्ये, टाकायचे. 'शेंगदाणा चटणी ऑनलाइन', 'चटणी विकत' असे घेणाऱ्याच्या तोंडचे शब्द फ्रेज मॅच किंवा एक्झॅक्ट मॅच या घट्ट पद्धतीने लावायचे. दर आठवड्याला अहवाल वाचून यादी वाढवायची. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम आहे.

आणखी तीन ठिकाणी पैसे गळतात. पहिले ठिकाण गावाचे. आपण 'महाराष्ट्र' निवडले तरी मूळ सेटिंग 'इथे असलेले किंवा या ठिकाणात रस असलेले' असे असते. जिथे आपले कुरिअर जात नाही, तिथल्या माणसालाही मग जाहिरात दिसते. ते बदलून फक्त इथे असलेल्यांपुरते करावे. दुसरे ठिकाण इतर साइटींचे. शोधाची जाहिरात करताना बाकीच्या साइटींवर जाहिरात दाखवण्याच्या खुणा आधीच केलेल्या असतात. सुरुवातीला त्या काढाव्यात. तिसरे ठिकाण आपल्याच दारातले. चटणीच्या जाहिरातीवरून आलेल्या माणसाला गटाचा इतिहास आणि उद्घाटनाचे फोटो दिसले तर तो परत जातो. त्याला थेट चटणीचे पान, वजन, किंमत, कुरिअरचा खर्च आणि किती दिवसांत मिळेल हे दिसले पाहिजे, तेही मोबाइलवर.

शेवटच्या गोष्टीचा दुहेरी फायदा आहे. या लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाराच जिंकतो असे नसते. लोक जाहिरातीवर येण्याची शक्यता किती, ती शोधलेल्या शब्दाशी किती जुळते आणि पुढचे पान कितपत उपयोगी आहे, हेही पाहिले जाते. म्हणजे नेमकी जाहिरात आणि नीट पान असलेला लहान गट मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा कमी बोलीतही वर येऊ शकतो. पैसा कमी असलेल्यांच्या हाती एवढे एक हत्यार आहे, ते वापरावे.

आता मुख्य हिशेब. समजा, चटणीचे पाकीट २५० रुपयांचे आहे. कच्चा माल, पाकीट, कुरिअर आणि बायकांची पूर्ण मजुरी वजा करून ५० रुपये उरतात. एका क्लिकला ५ रुपये पडतात आणि ५० क्लिकमागे एक ऑर्डर येते. म्हणजे ५० रुपये मिळवण्यासाठी २५० रुपये गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २९५. गट जीएसटीत नोंदलेला नसेल तर हा कर परत मिळत नाही. हे वरचे २४५ रुपये कोण भरते? कच्च्या मालाचा व्यापारी भाव कमी करत नाही, कुरिअरवाला करत नाही. मग दाणे भाजणाऱ्या आणि कुटणाऱ्या बायकांना 'या महिन्यात थोडे कमी घ्या' असे सांगितले जाते. जाहिरात फुकट गेली तर तिची किंमत बाईच्या मजुरीतून वसूल होते. माझा सगळा आग्रह याचसाठी आहे.

हाच हिशेब सुधारता येतो. रेसिपीवाले वगळून २० क्लिकमागे एक ऑर्डर येऊ लागली तर खर्च १०० रुपये, करासह ११८. एका पाकिटाऐवजी चार चटण्यांचा डबा विकायला ठेवला तर सुटणारे पैसे निदान २०० होतात. जाहिरातीचा खर्च जाऊन ८२ उरतात आणि मजुरीला हात लागत नाही. एवढे करूनही आकडा जुळत नसेल तर जाहिरात सरळ बंद करावी. जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर कळवणे आणि गूगलच्या नकाशावर गटाची फुकट नोंद करणे, हे तर आधीच केलेले असावे.

हिशेबासाठी ऑर्डर मोजता आली पाहिजे. खात्यात ऑर्डर नोंदवण्याची सोय, म्हणजे कन्व्हर्जनची नोंद, सुरू केलेली नसेल तर यंत्राला फक्त क्लिक दिसतात आणि ते क्लिकच आणत राहते. दिवसाचा आकडाही समजून घ्यावा. २०० रुपये ठरवले तरी एखाद्या दिवशी ४०० पर्यंत जाऊ शकतात. महिन्याला मात्र त्या आकड्याच्या ३०.४ पटीपेक्षा जास्त घेतले जात नाहीत. खात्यात 'हे करा, ते करा' अशा शिफारशी येत राहतात. त्यांतल्या बऱ्याच खर्च वाढवणाऱ्या असतात. त्या आपोआप लागू होण्याची सोय चालू असेल तर बंद करावी.

आता ताब्याचा प्रश्न. बहुतेक गटांत हे खाते सचिवबाईंच्या मुलाच्या ईमेलवर किंवा एजन्सीच्या नावावर असते. एजन्सी बदलली की शब्दांची यादी, जुने अहवाल, सगळे तिच्याबरोबर जाते. खाते गटाच्या ईमेलवर असावे आणि पैसे गटाच्या बँक खात्यातून जावेत. बाहेरच्या माणसाला फक्त काम करण्याची परवानगी द्यावी, ती केव्हाही काढून घेता येते. कमिशन खर्चाच्या टक्केवारीने ठरवू नये. खर्च वाढला की ज्याची कमाई वाढते, तो खर्च कमी कशाला करील?

काही मैत्रिणी म्हणतील, मोठ्या परदेशी कंपनीचे गल्ले भरायला आपण बायकांना कशाला शिकवायचे? शंका रास्त आहे. पण बायका त्या बाजारात आधीच उतरल्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी, तर पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. ही दरी असताना आपण हा विषय टाळला तर फोन आणि पासवर्ड घरातल्या पुरुषाकडे जातो आणि पैसे तेवढे बायकांचे राहतात. सावकाराच्या व्याजाविरुद्ध बोलताना आपण आधी बायकांना व्याज मोजायला शिकवले. इथेही तेच करावे लागेल.

म्हणून दोन सूचना मांडते. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' यांच्या प्रशिक्षणात 'ऑनलाइन विक्री'च्या नावाखाली फोटो कसा काढावा एवढेच न सांगता हा हिशेब मराठीत, खऱ्या खात्यावर शिकवला जावा, अशी मागणी आपण करावी. दुसरी सूचना गटांसाठी. मासिक बैठकीत बचत आणि कर्जाची वही वाचून झाली की जाहिरातीचे पाच आकडे मोठ्याने वाचावेत: किती खर्च झाला, किती क्लिक आले, किती ऑर्डर आल्या, एका ऑर्डरमागे किती पडले, आणि मजुरी पूर्ण दिली का. पाचवे उत्तर 'नाही' असेल, तर त्याच बैठकीत जाहिरात थांबवण्याचा ठराव करावा आणि तो वहीत लिहावा.