घरात गोरमाटी, सरकारी आकड्यात हिंदी: जनगणनेत बंजारा भाषेचं काय होतं?

लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड हे बाजाराचं मोठं गाव. या भागातल्या तांड्यावरचा माणूस बाजारात, बँकेत, शाळेत मराठी बोलतो. घरी गेला की आईला 'याडी' म्हणतो आणि पुढचा सगळा संवाद गोरमाटीत होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेत मराठवाड्यातला बंजारा समाज अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी रस्त्यावर उतरला. आता २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याने चर्चा जातीच्या रकान्याची आहे. भाषेच्या रकान्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

२०११ मध्ये काय झालं?

देशभरात ३२.७७ लाख लोकांनी आपली मातृभाषा 'लमाणी/लंबाडी' सांगितली, तर १५.८१ लाख लोकांनी 'बंजारी'. दोन्ही मिळून साधारण ४८.५८ लाख. हा आकडा कोकणीच्या (२२.५६ लाख) दुपटीहून जास्त आहे. मणिपुरी (१७.६१ लाख) आणि बोडो (१४.८३ लाख) तर त्याहून लहान. तरीही या तिन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत आणि बंजारा भाषा नाही.

हे ४८.५८ लाख लोक गेले कुठे? ते हिंदीत मिळवले गेले. हिंदी भाषकांची ५२.८३ कोटी ही संख्या भोजपुरी, राजस्थानी यांसारख्या पन्नासहून अधिक मातृभाषांची बेरीज आहे. लमाणी आणि बंजारीही त्यातच मोजल्या जातात.

असं का होतं?

जनगणनेत दोन पायऱ्या असतात. पहिली दारात. माणूस भाषेचं जे नाव सांगेल, तेच लिहायचं, अशी कर्मचाऱ्याला सूचना असते. दुसरी पायरी कार्यालयात. तिथे सांगितलेल्या नावांचे गट पाडले जातात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात (१९०७ चा खंड) ही बोली राजस्थानीच्या जवळची मानली गेली आणि जनगणनेत राजस्थानी हिंदीखाली येते.

पहिल्या पायरीवरही गळती होतेच. कर्मचाऱ्याशी मराठीत बोलणाऱ्याची मातृभाषा मराठीच असेल, असं सहज गृहीत धरलं जातं. शिवाय एकाच भाषेला गोरमाटी, गोरबोली, लमाणी, लंबाडी, बंजारी अशी अनेक नावं आहेत. त्यामुळे आकडा फुटतो.

बोलीही ठिकाणानुसार बदलते. महाराष्ट्रात तिच्यात मराठी शब्द मिसळतात, तेलंगणात तेलुगू, कर्नाटकात कन्नड. स्वतःची प्रचलित लिपी नसल्याने ती त्या-त्या राज्याच्या लिपीत लिहिली जाते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत बोलली जाणारी 'माम' ही माया कुळातली भाषाही गावागणिक बदलते. अमेरिकेत गेलेल्या माम लोकांना अनेकदा स्पॅनिश भाषक समजून स्पॅनिश दुभाषा दिला जातो.

फरक काय पडतो?

घटनेच्या कलम ३५०अ नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्याने प्रयत्न करायचा असतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही पाचवीपर्यंत, शक्य तिथे, मातृभाषेवर भर देतं. पण कागदावर मूल मराठी किंवा हिंदी भाषक असेल, तर पहिलीच्या वर्गात त्याला धडा का कळत नाही, हे आकड्यांतून दिसणारच नाही.

आठव्या अनुसूचीत येण्याची मागणी असलेल्या ३८ भाषांच्या केंद्राच्या यादीत बंजारा आहे. मात्र समावेशाचे ठरलेले निकष नाहीत. त्यामुळे नुसत्या आकड्याने दार उघडेलच असं नाही. आकडाच नसेल, तर मागणी आणखी दुबळी होते.

हातात काय आहे?

लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये नियोजित आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार लहानपणी आई जी भाषा बोलली, ती मातृभाषा. मुरुडच्या बाजारात कोणती भाषा चालते, याचा तिच्याशी संबंध नाही. कार्यालयात गट कसे पाडायचे, ते सरकार ठरवतं. दारात कोणतं नाव सांगायचं आणि सगळ्या तांड्यांनी एकच नाव सांगायचं का, हे समाजाला आधी ठरवता येईल.