दोन बटणं

आमच्या कंपनीच्या कन्सोलवर प्रत्येक लॅपटॉपच्या आणि मोबाईलच्या नावापुढे दोन बटणं असतात. 'रिटायर' आणि 'वाइप'. पहिलं दाबलं की फक्त कंपनीची मेल आणि फायली निघून जातात. दुसरं दाबलं की यंत्र कोरं, डब्यातून काढलं होतं तसं. कुणी नोकरी सोडली की त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी यातलं एक बटण दाबायचं हे माझं काम. मी नाशकात इंदिरानगरला घरी चहा पीत बटण दाबतो आणि तिकडे सोलापूरला नाहीतर भोपाळला कुणाचं तरी मशीन साफ होतं.

गेल्या वर्षी एका पोराच्या बाबतीत मी चुकलो. त्याच्या नावावर दोन यंत्रं दिसत होती. मी दोन्हींवर टिक केली आणि वाइप दाबलं. एक कंपनीचा लॅपटॉप होता, ठीक. दुसरा त्याचा स्वतःचा आयफोन. रुजू होताना आम्हीच पाठवलेल्या सूचना वाचून त्यानं तो मेलसाठी जोडला होता. पावणेआठला त्याचा बहिणीच्या नंबरवरून फोन. "दादा, माझा मोबाईल नुसता हॅलो दाखवतोय. परत येईल ना सगळं?"

नाही आलं. आयक्लाउडची फुकटातली 5 जीबी जागा कधीच भरलेली, बॅकअप बंद. त्यात त्याच्या वडिलांचे शेवटच्या आजारपणातले व्हॉइस मेसेज होते. हे त्यानं मला रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं अगदी हळू सांगितलं.

कंपनीनं काय केलं? जोडणी करताना त्यानं मान्य केलेल्या अटींचा स्क्रीनशॉट पाठवला. 'कंपनी हे उपकरण पूर्णपणे पुसू शकते', असं तिथे स्पष्ट लिहिलेलंय. कायद्यानं एकदम चोख. आणि तो स्क्रीनशॉट मीच काढून दिला होता.

असो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, कुणाला पटो न पटो. माणसाच्या स्वतःच्या फोनला कंपनीनं हात लावू नये. मेल मोबाईलवर हवीच असेल तर मोबाईल द्या. तो परवडत नसेल तर निदान कप्पा वेगळा करा. अँड्रॉइडमध्ये कामाचा वेगळा प्रोफाइल 2014 पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून आहे. आयफोनमध्येही 2019 च्या आयओएस 13 पासून अशी नोंदणी करता येते, की ज्यात अख्खा फोन पुसण्याचा अधिकार आयटीवाल्याला मिळतच नाही. तंत्रज्ञान आहे, फक्त ते नीट बसवायला एक-दोन आठवडे बसायला लागतं. आम्ही बसलो नव्हतो, कारण जुनी पद्धत चालू होती आणि कुणाची ओरड नव्हती.

लॅपटॉपचं मात्र वेगळं. तो कंपनीचा, त्यावर कुलूपही कंपनीचंच असावं. एसटीत बॅग राहिली आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर गिऱ्हाइकाचा डेटा कुणाच्याही हातात. तिथे मी मॅनेजरपेक्षा कडक आहे, विचारा आमच्या लोकांना :)

एक लक्षात घ्या, हे सगळं घाईत उभं राहिलंय. आपल्याकडे कॉल सेंटर आणि बीपीओवाल्यांना घरून काम द्यायचं तर दूरसंचार विभागाच्या अटी होत्या, सुरक्षा ठेव होती. मार्च 2020 मध्ये त्या तात्पुरत्या सैल केल्या, नोव्हेंबर 2020 मध्ये नियमच सोपे झाले. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुण्याहून पोरं कंपनीचे डेस्कटॉप चादरीत गुंडाळून नाशकात घेऊन आलेली मी पाह्यली आहेत. त्या धांदलीत 'सध्या स्वतःचा फोन जोडा' असं सांगितलं गेलं. ते 'सध्या' अजून संपलेलं नाही.

आणि लांबून सगळं हातात राहतं हाही भ्रमच. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स बंद पाडली. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं, वाचलो. जिथे होतं तिथे बऱ्याच मशीन्सना सेफ मोडमध्ये नेऊन एक फाइल हातानं उडवायला लागली, आणि बिटलॉकर असेल तर त्याआधी 48 आकडी की टाकायची. घरून काम करणाऱ्याला ती फोनवरून सांगायची. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे गाडी शेवटी समोरच्या माणसावरच येते, ज्याच्यावर आपला विश्वास नाही म्हणून एवढा पसारा मांडला!

विश्वासाचं म्हणाल तर 2024 च्या मे महिन्यात वेल्स फार्गो बँकेनं अमेरिकेत डझनभराहून जास्त लोकांना काढलं. कारण काय, तर कीबोर्ड चालू असल्याचा बनाव केला. लबाडीच ती, बाजू घेत नाही. पण माणूस कीबोर्डच्या हालचालीवर मोजायचा ठरवलं की तो कीबोर्ड हलवायचीच सोय बघणार.

कायदा वाचवेल असं कुणाला वाटत असेल तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 7 वाचावं. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, संमतीशिवायही डेटा हाताळायची मुभा तिथे आहे. हे दार चांगलंच रुंद आहे.

मी वर मेल टाकली, की खाजगी फोनवरचं वाइप बटण आम्हा सगळ्यांच्याच हातून काढून घ्या. चार महिन्यांनी उत्तर आलं: नवीन लोकांसाठी मंजूर, जुन्यांचं पुढच्या बजेटमध्ये बघू. म्हणजे जुने फोन अजून तसेच यादीत आहेत.

येत्या शुक्रवारी दोघं जण सोडून चाललेत. त्यातल्या एकीचा स्वतःचा फोन जोडलेला आहे. काल तिला फोन केला, म्हटलं ताई, फोटो आणि व्हॉट्सॅप आजच उतरवून घ्या, मग माझ्यासमोर फोन यादीतून काढा. ती म्हणाली, "का हो, काही प्रॉब्लेम आहे का?"

म्हटलं, नाही, अजून नाही.