चहा-खारी म्हणजे नाश्ता नव्हे

तिसरीच्या वर्गात दुसऱ्या तासाला एक मुलगी बाकावर डोके टेकून बसली होती. मी रागावलो, तिला उभे केले. नंतर विचारले, "सुबह क्या खाया?" ती म्हणाली, "चाय-खारी, सर." मला माझीच लाज वाटली. तिच्या भुकेला मी आळस समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला विचारले. चहा-बटर, चहा-पाव, चहा-खारी. काहींचा नुसता चहा. आमची मुले फजरनंतर मक्तबला जातात, तिथून धावत घरी येऊन गणवेश चढवतात आणि शाळा गाठतात. शाळेची खिचडी मिळेपर्यंत चार-पाच तास जातात. खारी म्हणजे मैदा आणि डालडा. गोड चहाने भूक मरते, पोट भरत नाही. शिवाय चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही.

आयांना दोष देणे सोपे आहे. पण रात्री उशिरापर्यंत शिलाईचे काम करून पहाटे नळावर पाणी भरणारी बाई आणखी किती करणार? आपला मोहल्ला रात्री एक वाजेपर्यंत जागा असतो. उशिरा जेवून झोपलेल्या लेकराला सकाळी भूक लागत नाही. हा दोष आपणा बापांचाही आहे.

रमजानमध्ये हेच घर सहरीला उठते, कारण सहरीत बरकत आहे असे आपण मानतो. मग सात वर्षांच्या मुलाचा उरलेले अकरा महिने चालणारा उपवास आपल्याला का दिसत नाही?

तामिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 रोजी सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही नाश्त्याची शिफारस केली आहे. महाराष्ट्राकडे ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर हात बांधून बसायचे का? इफ्तारच्या दस्तरखानासाठी आपण आनंदाने वर्गणी देतो. त्याच दिलदारीने मक्तब सुटताना प्रत्येक मुलाच्या हातावर उकडलेले अंडे, केळे किंवा मूठभर भिजवलेले चणे ठेवता येतील. घरी रात्रीची चपाती आणि अंडे असले तरी पुरे.

मी आता हजेरीच्या आधी "खाना खाया?" विचारतो. कपाटात गूळ-चण्याचा डबा ठेवला आहे. तो दर आठवड्याला रिकामा होतो.