माणदेशचा माळ आणि सरकारी राखण

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची घनदाट रांग आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा मुलूख अशी निसर्गानेच वाटणी करून ठेवलेली असल्यामुळे, वन्यजीवांच्या रक्षणाचा विषय निघाला की आपली दृष्टी सवयीने कोयना-चांदोलीकडे वळते. कारण अरण्य म्हणजे झाडी आणि झाडी नाही तेथे राखण्याजोगे काही नाही, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. म्हणूनच मायणीच्या तलावापाठोपाठ आटपाडीच्या सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर सरकारी वनजमिनीला संवर्धन राखीवाचा दर्जा मिळाला, आणि तोही लांडगा, कोल्हा, खोकड यांच्यासारख्या, ज्यांच्या नावाने कोणी पर्यटक गाडी काढत नाही अशा प्राण्यांसाठी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हाच मार्ग जत आणि माण तालुक्यांतील उरलेल्या सरकारी माळांसाठीही विनाविलंब पत्करावा, मात्र मेंढपाळाला कुंपणाबाहेर उभे करून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा माळ उजाड दिसतो तो उन्हाळ्यात आणि मोटारीच्या काचेतून. पहिल्या दोन वळवांनंतर तेथे मारवेल आणि पवन्या उठतो, भाद्रपद सरता सरता कुसळी पिकून चालणाऱ्याच्या धोतराला चिकटू लागते. धाविक पक्षी घरटे म्हणून काडीसुद्धा न जमवता उघड्या खडेगोट्यांतच अंडी घालतो, आणि ती इतकी भुईच्या रंगाची असतात की पाय पडेपर्यंत नजरेस येत नाहीत. याच गवतावर खिलार जनावर पोसले, याच गवतावर जतकडची माडग्याळ मेंढी वाढली, आणि त्या मेंढरांच्या मागोमाग लांडगाही राहिला. महसुली दप्तरात मात्र या साऱ्या वैभवाची नोंद ‘पडीक’ एवढीच होते, आणि पडीक म्हटले की त्याचे काहीतरी करून दाखवण्याची निकड प्रत्येक खात्याला भासू लागते. ज्या खात्याकडे काही सुचत नाही ते खाते खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावते.

सागरेश्वरचा बोडका डोंगर धों. म. मोहिते यांनी निष्ठेने हिरवा केला, आणि त्या कार्याविषयी कोणाही सांगलीकराच्या मनात आदरच असेल. परंतु एका डोंगराचे औषध दुसऱ्या माळाला लागू पडेलच असे नाही. सावली पडली की उन्हावर जगणारे गवत खचते, आणि गवत खचले की त्याच्या आधाराने राहणारा सशापासून लांडग्यापर्यंतचा परिवार परागंदा होतो. त्यातच आता टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले आहे. ते आले हे उत्तमच झाले, दुष्काळ भोगलेल्या माणसाला त्याविषयी दुसरे मत असणार नाही. पण डाळिंबाच्या बागा, ढालगावकडच्या पवनचक्क्या आणि गायरानांवर येऊ घातलेले सौरप्रकल्प यांच्या मागणीपुढे, ज्याचा कोणी वाली नाही असा माळ किती वर्षे तग धरील?

राखीव म्हटले की गावकरी बिथरतो, याचा दोष त्याच्या अडाणीपणावर टाकण्याची आपल्या निसर्गप्रेमी मंडळींना खोड आहे. वस्तुतः त्याची भीती अनुभवातून आलेली आहे. माळढोकासाठी 1979 साली शेजारच्या सोलापूर-नगर भागात तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात गावेच्या गावे आणि खासगी सात-बारे ओढले गेले, जमिनीची खरेदी-विक्री अडली, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक तेवढ्यात जवळजवळ नाहीसा झाला होता. चांदोलीच्या अभयारण्यापायी उठलेल्या माणसांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, हे तर याच जिल्ह्यांनी पाहिले आहे.

संवर्धन राखीव ही याहून निराळी तजवीज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीप्रमाणे जमीन सरकारच्याच मालकीची असावी लागते, जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे बंधनकारक असते, आणि व्यवस्थापन समितीत त्या त्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे तिघे, शिवाय शेती व पशुसंवर्धनाची माणसे बसतात. उणीव एवढीच, की समितीचे काम सल्ला देण्याचे. आणि सरकारी समितीचा सल्ला कोणत्या फडताळात जातो हे सांगण्याची गरज नाही. आटपाडीला तर यापेक्षा धीट प्रयोग ठाऊक आहे. औंध संस्थानात हा महाल असताना भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवण्याची घटना दिली होती, आणि जवळच स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत याच काळात उभी राहिली. ज्या दरबाराने खुन्याच्या हाती कुदळ दिली, त्याच्या मुलखात आज धनगराच्या हाती माळाची राखण देताना आपण का कचरावे?

म्हणून ग्रामपंचायतीने आपली जागा सरपंचाच्या मर्जीतल्या माणसाला न देता मेंढरे राखणाऱ्याला द्यावी. चराई कोठे, किती आणि कोणत्या महिन्यांत हे त्याने सांगावे व खात्याने लिहून घ्यावे. आणि खड्डे खणणे पहिल्याच बैठकीत थांबवावे. लांडग्याने मेंढरू नेले तर भरपाईचा नियम आहे, परंतु पंचनामा होईपर्यंत मेंढपाळांचा फिरता वाडा एका जागी बसून राहत नाही. दिवाळीनंतर जगायला बाहेर पडलेला धनगर मृत मेंढराजवळ वनरक्षकाची वाट पाहत थांबला, तर उरलेल्या कळपाला त्या दिवशी चारा कोण घालणार? त्याच्या तळावर, आणि तो ज्या जिल्ह्यात असेल त्या जिल्ह्यात, पंचनामा होऊन पैसे त्याच्या खात्यावर जमा व्हावेत, एवढी व्यवस्था राखीव क्षेत्राचा नवा फलक रंगवण्याआधी झाली पाहिजे.