फाइल पीडीएफच, मग मेल तिला ओळखत का नाही?

अर्जाची मुदत संध्याकाळी संपणार असते. उमेदवार गुणपत्रिकेची पीडीएफ मेलला जोडून पाठवतो आणि कार्यालयातून उत्तर येते, 'फाइल उघडत नाही.' उमेदवाराच्या मोबाइलवर तीच फाइल व्यवस्थित उघडते. चूक बहुतेक वेळा दोघांचीही नसते, मधल्या यंत्रणेची असते. भुर्दंड मात्र उमेदवारालाच बसतो.

ओळख ठरते कशी?

मेलला फाइल जोडण्याची पद्धत १९९२ मध्ये आलेल्या 'माइम' या मानकावर चालते. पाठवणाऱ्याचा मेल प्रोग्रॅम प्रत्येक फाइलवर तिच्या प्रकाराची चिठ्ठी लावतो. प्रकार कळला नाही, तर 'ऑक्टेट-स्ट्रीम' असे लिहितो. त्याचा अर्थ 'आत काहीतरी डेटा आहे' एवढाच.

दुसरी खूण म्हणजे नावाच्या शेवटी असणारे डॉट पीडीएफ किंवा डॉट जेपीजी. तिसरी खूण फाइलच्या आत असते आणि तीच जास्त भरवशाची. पीडीएफची सुरुवात टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' या अक्षरांनी होते, झिपची 'पीके'ने. वर्डची डॉक्सएक्स फाइल आतून झिपच असते, म्हणून ती कधी कधी झिप म्हणून उतरते. या तीन खुणा जुळल्या नाहीत, की घोळ होतो.

मराठी नावाचा फटका

फाइलला 'उत्पन्नाचा दाखला' असे नाव देण्यात काहीच गैर नाही. पण देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात आणि मेलमधून पाठवताना नाव सांकेतिक रूपात बदलावे लागते. त्यासाठी १९९७ पासून मानक आहे. तरी काही प्रोग्रॅम ते नीट पाळत नाहीत. मग नाव तुटते, शेवटचे डॉट पीडीएफ गळते आणि फाइल बिननावी होते.

काय करून पाहावे?

- मेलमधल्या प्रीव्ह्यूवर विसंबू नका. फाइल डाउनलोड करून योग्य अ‍ॅपमध्ये उघडा.
- आकार शून्य केबी असेल, तर फाइल आलेलीच नाही. पुन्हा मागवा.
- पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल पीडीएफ असल्याचे त्याने सांगितले असेल, तरच नावापुढे डॉट पीडीएफ जोडा. नाव बदलल्याने फाइलचा प्रकार मात्र बदलत नाही.
- 'विनमेल डॉट डॅट' आली, तर पाठवणाऱ्याला आउटलुकमध्ये रिच टेक्स्टऐवजी एचटीएमएल निवडून मेल पुन्हा पाठवायला सांगा.
- आयफोनचा फोटो एचईआयसी म्हणून अडत असेल, तर तो जेपीजी करून पाठवा.
- महत्त्वाच्या फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, छोटे ठेवा.

सावधगिरी हवी, मुकेपणा नको

मेलसेवा संशय घेतात, ते योग्यच आहे. लग्नपत्रिका किंवा ई-चलान अशा नावाखाली एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करणारे टोळके आहेत. नावात पीडीएफ असूनही शेवटी एपीके दिसले, तर ती फाइल उघडूच नये.

पण संशय आला, तर तो कशामुळे, हेही सांगायला हवे. 'असमर्थित फाइल' या दोन शब्दांवरून कोणालाच काही कळत नाही. 'नावावरून फोटो वाटतो, आत मात्र पीडीएफ आहे' असे मराठीत सांगणे मेलसेवांना अवघड नाही. मराठीत नाव दिले म्हणून फाइल अडू नये, ही अपेक्षा तर फारच साधी आहे.

मेलवर अर्ज मागवणाऱ्या कार्यालयांनीही फाइलचा प्रकार आणि आकार जाहिरातीतच लिहावा. फाइल उघडली नाही, तर अर्ज बाद करण्याऐवजी पहिला मेल पोहोचल्याची वेळ ग्राह्य धरून ती पुन्हा मागवावी. एका चुकीच्या चिठ्ठीपायी कोणाची संधी जाऊ नये.